कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेज: नव्या विद्यार्थ्यांसाठी काउन्सेलिंग आणि प्लेसमेंटविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कम्युनिटी कॉलेजच्या पहिल्या सत्राविषयी कॅलिफोर्नियातील मराठी कुटुंबांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत बारावी करून आलेल्या मुलांचे पालक असतात, येथल्याच हायस्कूलमधून बाहेर पडणारे विद्यार्थी असतात आणि भारतातील पदवी हाती असूनही येथे नव्याने शिकू पाहणारेही असतात. नियम २०२५-२६ या शैक्षणिक वर्षाचे धरले आहेत. इतर राज्यांतील पद्धत वेगळी आहे; त्यासाठी प्रश्न १७ पाहावा.

१. कम्युनिटी कॉलेजला प्रवेशासाठी किती टक्के लागतात? कट-ऑफ कुठे पाहायचा?

कट-ऑफ नसतो. राज्यातील ११६ कम्युनिटी कॉलेजे खुल्या प्रवेशाची आहेत, म्हणजे हायस्कूल पूर्ण केलेल्या किंवा अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ऑनलाइन अर्ज भरून प्रवेश मिळतो. नर्सिंगसारख्या मोजक्या अभ्यासक्रमांना तेवढी अर्जदारांमधून निवड होते. राज्याच्या रहिवाशांना सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात दर युनिटमागे (युनिट म्हणजे विषयाचा भार मोजण्याचे एकक) ४६ डॉलर शुल्क पडते. डी अँझा आणि फूटहिलसारख्या क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजांत ते ३१ डॉलर आहे, कारण क्वार्टरचे युनिट आकाराने लहान असते. दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला किंवा चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाण्याला (म्हणजे ट्रान्सफरला) साधारण ६० सेमिस्टर युनिट्स लागतात.

प्रवेश सोपा असल्यामुळे खरी निवड प्रवेशानंतर होते, असे म्हणावे लागेल. कोणत्या गणितापासून सुरुवात केली, कोणते विषय आधी घेतले आणि ते कोणत्या विद्यापीठाला चालतात, यांवर पुढची दोन वर्षे ठरतात, आणि हे निर्णय अनेकदा अर्ज भरल्यानंतरच्या काही आठवड्यांतच घेतले जातात.

२. अर्ज मंजूर झाला. आता थेट विषयांची नोंदणी करू का?

करता येईल, पण तत्पूर्वी तीन गोष्टी पूर्ण कराव्यात: ओरिएंटेशन, प्लेसमेंट आणि शिक्षण-आराखडा. २०१२ च्या राज्य कायद्याने या तिन्हींची सांगड नोंदणीच्या अग्रक्रमाशी घातली आहे, त्यामुळे त्या पूर्ण केलेल्या नव्या विद्यार्थ्याला नोंदणीची लवकरची तारीख मिळते आणि न केलेल्याला उरलेल्या जागांवर समाधान मानावे लागते. इंग्रजी, गणित आणि प्रयोगशाळेच्या विज्ञान विषयांचे सोयीच्या वेळेचे वर्ग सर्वांत आधी भरतात.

ओरिएंटेशन बहुतेक ठिकाणी ऑनलाइन असते. प्लेसमेंट म्हणजे इंग्रजी आणि गणिताची सुरुवात कोणत्या पातळीच्या वर्गापासून करायची, हे ठरवणे. नोकरीशी त्याचा संबंध नाही (प्रश्न ४). शिक्षण-आराखडा काउन्सेलरबरोबर बसून करायचा असतो (प्रश्न ३).

३. काउन्सेलर नेमके काय करतात? त्यांच्याकडे जाताना काय घेऊन जावे?

कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतील काउन्सेलर हे अध्यापकवर्गातीलच असतात. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी स्वतंत्र विभाग असतो. येथे ज्यांच्याविषयी बोलतो आहोत ते विषय, पदवी आणि ट्रान्सफर यांचा हिशेब लावून देणारे. पहिल्या भेटीत सहसा एक-दोन सत्रांचा संक्षिप्त आराखडा होतो. पूर्ण आराखडा, म्हणजे पदवीपर्यंतचा प्रत्येक सत्राचा विषयवार तक्ता, १५ सेमिस्टर युनिट्स पूर्ण झाल्यावर किंवा तिसरे सत्र संपण्यापूर्वी होणे अपेक्षित आहे. आमच्या मते तितकी वाट पाहू नये. ज्यांना अभियांत्रिकी, कॉम्प्युटर सायन्स किंवा नर्सिंगकडे जायचे आहे, त्यांनी पहिल्याच सत्रात पूर्ण आराखडा मागावा, कारण या शाखांत विषयांची साखळी लांब असते आणि एक कडी उशिरा सुरू झाली की वर्ष पुढे जाते.

सत्र सुरू होण्याच्या सुमारास काउन्सेलरच्या भेटी दहा-पंधरा मिनिटांच्या, रांगेतल्या असतात. अर्ध्या तासाची ठरवून घेतलेली भेट सत्राच्या मध्यावर सहज मिळते. जाताना हायस्कूलचे किंवा भारतातील गुणपत्रक, एपीचे (हायस्कूलमधील कॉलेज पातळीच्या परीक्षांचे) निकाल, इतर कॉलेजांत घेतलेल्या विषयांची यादी आणि दोन-तीन लक्ष्य विद्यापीठांची नावे न्यावीत. ‘काय घेऊ?’ असे विचारणाऱ्याला सर्वसाधारण यादी मिळते. ‘मला डेव्हिसला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला जायचे आहे आणि माझे प्रीकॅल्क्युलस झाले आहे’ असे सांगणाऱ्याला मात्र थेट उपयोगी पडेल असे उत्तर मिळते.

४. प्लेसमेंटची परीक्षा केव्हा असते? तयारी कशी करायची?

अशी परीक्षा आता नाही. जुन्या पुस्तकांत आणि ओळखीच्यांच्या सल्ल्यात ॲक्युप्लेसर किंवा कंपास ही नावे अजून येतात, पण २०१७ मध्ये मंजूर झालेल्या एबी ७०५ या कायद्यानंतर, २०१९ च्या फॉल (शरद ऋतूतील) सत्रापासून, राज्यातील कॉलेजे इंग्रजी आणि गणिताची पातळी हायस्कूलच्या कामगिरीवरून ठरवतात. एखाद्या सकाळच्या परीक्षेपेक्षा चार वर्षांचा जीपीए (सर्व विषयांच्या श्रेणींची सरासरी) विद्यार्थ्याविषयी अधिक सांगतो, हा या बदलामागचा विचार आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राने २०१२ मध्ये दाखवून दिले होते की, अशा परीक्षांमुळे गणितात सुमारे एक चतुर्थांशापर्यंत आणि इंग्रजीत सुमारे एक तृतीयांशापर्यंत विद्यार्थी गंभीरपणे चुकीच्या पातळीवर टाकले जात होते, आणि त्यांतील पुष्कळ जण वरच्या वर्गात सहज टिकले असते.

राज्याने ठरवलेले मूळ निकष असे आहेत. इंग्रजीसाठी हायस्कूलचा जीपीए २.६ किंवा त्याहून अधिक असेल, तर ट्रान्सफर पातळीचा, म्हणजे विद्यापीठात गणला जाणारा, वर्ग कोणत्याही जोडवर्गाशिवाय मिळतो, १.९ ते २.६ च्या दरम्यान त्याच वर्गाबरोबर जोडवर्गाची, म्हणजे सोबतच्या सहायक वर्गाची (प्रश्न ५), शिफारस होते, आणि १.९ च्या खाली ती शिफारस अधिक आग्रहाची होते. संख्याशास्त्रासाठी याच सीमा ३.० आणि २.३ आहेत. कॅल्क्युलसच्या दिशेने जाणाऱ्या गणिताचे निकष वेगळे आहेत (प्रश्न ७). कॉलेजे या निकषांत आपापले बदल करतात, परंतु ट्रान्सफर पातळीचा वर्ग नाकारून कोणालाही मनाप्रमाणे खाली ढकलण्याची मुभा त्यांना उरलेली नाही.

५. मुलाला थेट ट्रान्सफर पातळीचे गणित मिळाले आहे, पण पाया पक्का व्हावा म्हणून एक पायरी खालून सुरुवात केली तर बरे नाही का?

हा प्रश्न आपल्या घरांतून सर्वाधिक येतो आणि त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. तरीही आमचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे.

खालचा वर्ग घेतला की पाया पक्का होतो, हे गृहीतक कागदावर ठीक दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक जादा पायरी ही विद्यार्थी गळण्याची आणखी एक जागा ठरते: कोणी नापास होतो, कोणाच्या नोकरीची पाळी बदलते, कोणी उत्तीर्ण होऊनही पुढच्या सत्रात नोंदणी करत नाही. एबी ७०५ च्या प्रस्तावनेतच नमूद आहे की, राज्यातील तीन चतुर्थांशांहून अधिक नवे विद्यार्थी तयारीच्या वर्गांत टाकले जात होते. त्यांतील फार थोडे पुढे ट्रान्सफर पातळीच्या गणितापर्यंत पोहोचत. शिवाय तयारीच्या वर्गाची युनिट्स विद्यापीठ मोजत नाही, त्यामुळे वेळ आणि शुल्क दोन्ही जाते. म्हणूनच नव्या विद्यार्थ्याला इंग्रजी आणि गणित या दोन्हींत ट्रान्सफर पातळीचा वर्ग एका वर्षात पूर्ण करण्याची जास्तीत जास्त शक्यता मिळेल अशी रचना करणे, हे कायद्याने कॉलेजांचे कर्तव्य ठरवले आहे.

पाया कच्चा असल्याची शंका खरी असेल, तर तिचे उत्तर जोडवर्गात आहे. मुख्य वर्गाबरोबर त्याच सत्रात एक-दोन युनिटांचा सहायक वर्ग घ्यायचा, ज्यात त्या आठवड्याला लागणारे बीजगणित किंवा निबंधाची मांडणी त्याच आठवड्यात उजळून घेतली जाते. निकषांनुसार जोडवर्गाची गरज नसली तरी तो स्वेच्छेने घेता येतो का, हे कॉलेजला विचारावे. अनेक ठिकाणी घेता येतो. जोडीला शिकवणी केंद्र विनामूल्य असते. पहिल्या सत्रात बाकीचा भार हलका ठेवणे, हाही वरच्या वर्गात टिकण्याचा चांगला उपाय आहे (प्रश्न १२).

६. मी महाराष्ट्र बोर्डाची बारावी करून आले आहे. मला जीपीएच नाही. मग माझी पातळी कशी ठरणार?

येथील हायस्कूलचा जीपीए नसलेल्यांसाठी मार्गदर्शित स्वयंनिर्धारण नावाची सोय असते. ऑनलाइन प्रश्नावलीत आपण कोणते गणित शिकलात, इंग्रजीत किती वाचता-लिहिता, पुढे काय शिकायचे आहे हे विचारतात, नमुन्याचे प्रश्न किंवा उतारे दाखवतात आणि शेवटी वर्ग सुचवतात. ही परीक्षा नसते आणि निवड शेवटी विद्यार्थ्याचीच राहते.

अशा वेळी आपल्याकडची मुले नम्रतेपोटी स्वतःला कमी लेखतात, असे दिसते. विज्ञान शाखेत गणित घेऊन बारावी केली असेल, तर त्रिकोणमिती, मर्यादा, अवकलन आणि संकलन हे सर्व झालेले असते. म्हणजे येथील पहिल्या कॅल्क्युलसचा बराचसा मजकूर परिचयाचा असतो. प्रश्नावलीत ‘कॅल्क्युलस शिकले आहे का’ या प्रश्नाला तसे असल्यास ‘होय’ असेच उत्तर द्यावे. वाणिज्य किंवा कला शाखेत गणित न घेतलेल्यांनी दहावीचे बीजगणित आधार धरून संख्याशास्त्र आणि जोडवर्ग यांचा विचार करावा. दहावी आणि बारावीच्या मूळ गुणपत्रकांची स्कॅन प्रत जवळ ठेवावी. पूर्वअट दाखवण्यासाठी ती लागते (प्रश्न १०).

बारावीच्या गुणांवर युनिट्स मात्र मिळत नाहीत. ती येथे हायस्कूलच्या बरोबरीची धरली जाते.

७. कॉम्प्युटर सायन्सला जायचे असेल तर संख्याशास्त्र चालेल की कॅल्क्युलसच हवे?

कॅल्क्युलसच हवे. संख्याशास्त्राने सामान्य शिक्षणाची (सर्व शाखांना लागणाऱ्या समान विषयांची) गणिताची अट पूर्ण होते आणि मानसशास्त्र, समाजशास्त्र, नर्सिंग अशा शाखांना ते पुरते, किंबहुना तेच योग्य ठरते. अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स आणि अर्थशास्त्राच्या बहुतेक कार्यक्रमांना कॅल्क्युलसची साखळी लागते. शाखा ठरली नसेल आणि विज्ञानाची थोडी जरी शक्यता असेल, तर कॅल्क्युलसच्या वाटेवर राहावे, कारण तिकडून संख्याशास्त्राकडे वळणे सोपे असते आणि उलट जाताना एक वर्ष वाढते.

येथील हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी मूळ निकष असा होता की, जीपीए ३.४ किंवा अधिक असेल, अथवा २.६ असून हायस्कूलमध्ये कॅल्क्युलस घेतले असेल, तर या वाटेवर जोडवर्गाशिवाय सुरुवात करावी. २०२२ च्या एबी १७०५ कायद्याने हे आणखी पुढे नेले असून, २०२५ च्या फॉल सत्रापासून ज्यांच्या शाखेला कॅल्क्युलस लागते त्यांना थेट पहिल्या कॅल्क्युलसमध्ये सुरुवात करू देण्यावर भर आहे. या बदलावर गणिताच्या प्राध्यापकांमध्येच मतभेद आहेत, आणि पूर्वतयारी फार कमी असणाऱ्यांना प्रीकॅल्क्युलस देण्याबाबत कॉलेजागणिक फरक आहे. ज्याने त्रिकोणमिती कधीच पाहिलेली नाही, त्याने प्रश्न ५ मधील आमचे मत सरसकट लागू न करता गणित विभागाशी प्रत्यक्ष बोलावे. आमच्या माहितीत या नियमाला खरा अपवाद हाच.

८. इंग्रजी माध्यमातून शिकलो आहे, तरी ईएसएल घ्यावे लागेल का?

सक्ती नाही. ईएसएलची वाट इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी खुली असते आणि ती निवडणाऱ्याला तीन वर्षांत ट्रान्सफर पातळीच्या इंग्रजीपर्यंत नेण्याचे बंधन कॉलेजांवर आहे. इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्याला व्याकरण सहसा अडत नाही. अडतो तो युक्तिवाद: स्वतःची भूमिका मांडणे, आधार देणे, संदर्भ नोंदवणे. आपल्याकडच्या बोर्डाच्या परीक्षांत याचा सराव फारसा होत नाही. त्यासाठी ट्रान्सफर पातळीचा पहिला इंग्रजी वर्ग आणि त्याचा जोडवर्ग अधिक उपयोगी पडतो. मराठी माध्यमातून आलेल्या आणि बोलतानाही अडखळणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र ईएसएलला कमीपणा मानू नये. त्याच्या वरच्या पातळ्यांची युनिट्स काही विद्यापीठे स्वीकारतातही.

९. एपी आणि जेईई यांचा काही उपयोग होतो का?

एपीचा होतो. ३ किंवा अधिक गुण असतील तर कम्युनिटी कॉलेज सामान्य शिक्षणाचे श्रेय देते. निकाल कॉलेज बोर्डाकडून अधिकृतपणे पाठवावा लागतो, स्क्रीनशॉट चालत नाही. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, कॉलेजने एखाद्या विषयापुरते दिलेले श्रेय विद्यापीठाचा विशिष्ट विभाग आपल्या मेजरसाठी (पदवीच्या मुख्य विषयासाठी) मानेलच असे नाही. जेईई आणि सीईटीच्या गुणांना येथे स्थान नाही.

१०. नोंदणी करताना ‘प्रीरिक्विझिट (पूर्वअट) पूर्ण नाही’ असा संदेश येतो. मी तो विषय भारतात शिकलो आहे. काय करावे?

संगणकाला आपला पूर्वीचा अभ्यास दिसत नाही, एवढाच त्या संदेशाचा अर्थ असू शकतो. पूर्वअट मोकळी करण्याचा अर्ज कॉलेजच्या संकेतस्थळावर असतो. त्यासोबत गुणपत्रक आणि शक्य असल्यास त्या विषयाचा अभ्यासक्रम जोडावा. अर्ज नोंदणीच्या तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी करावा, कारण नोंदणी सुरू झाल्यावर अशा अर्जांचा ढीग लागतो.

कागदपत्रांनी काम झाले नाही तर पूर्वअटीला औपचारिक आव्हान देण्याचा हक्क राज्याच्या नियमांत आहे. विषयासाठी लागणारे ज्ञान माझ्याकडे अन्य मार्गाने आलेले आहे, हे त्याचे एक मान्य कारण आहे. पूर्वअटीचा वर्गच उपलब्ध नसल्याने पदवी अकारण लांबते आहे, हे दुसरे. वर्गात जागा असल्यास आव्हानाचा निर्णय पाच कामकाजाच्या दिवसांत द्यावा लागतो. पूर्वअट आणि सहअट (त्याच सत्रात सोबत घ्यायचा विषय) या बंधनकारक असतात. माहितीपत्रकात ‘ॲडव्हायझरी’ असे लिहिलेले असेल, तर ती केवळ शिफारस असते आणि तिच्यामुळे नोंदणी अडत नाही.

११. माझ्याकडे भारतातील बी.एस्सी. किंवा बी.कॉम. आहे आणि मी एच-४ (एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांचा व्हिसा) वर आहे. मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल का?

उद्देशावर अवलंबून आहे. नर्सिंगसाठी शरीररचना, शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे प्रयोगशाळेसह झालेले असावे लागतात. ते किती जुने चालतील याची मर्यादा काही कॉलेजांत असते, त्यामुळे बी.एस्सी. असूनही हे तीन विषय नव्याने करणारे पुष्कळ आहेत. अकाउंटिंगमध्ये बी.कॉम. झालेले अनेक जण सीपीएच्या (अमेरिकेतील परवानाधारक लेखापालाच्या) अटींत कमी पडणारी युनिट्स भरून काढण्यापुरते कम्युनिटी कॉलेजात येतात, आणि त्यांना दुसऱ्या पदवीची गरज नसते. प्रोग्रामिंग किंवा डेटाचे प्रमाणपत्र हवे असेल, तर सामान्य शिक्षणाचे विषय मुळीच घेऊ नयेत.

प्रत्येक बाबतीत पहिले पाऊल समान आहे: एनएसीईएस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून पदवीचे विषयवार मूल्यमापन करून घेणे. केवळ ‘बॅचलर पदवीच्या समकक्ष’ एवढेच सांगणारा स्वस्त अहवाल काउन्सेलरला फारसा उपयोगी पडत नाही. येथील इंग्रजी लेखनाच्या अटीसाठी भारतातील इंग्रजीचे विषय बऱ्याच कॉलेजांत मान्य होत नाहीत, हे गृहीत धरून चालावे. आणि ट्रान्सफर करून दुसरी बॅचलर पदवी घेण्याचा बेत असेल, तर यूसीचे (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे) बहुतेक कॅम्पस तशा अर्जदारांना घेत नाहीत, हे आधीच माहीत असलेले बरे.

१२. पहिल्या सत्रात किती युनिट्स घ्यावीत?

पूर्णवेळ म्हणजे १२ युनिट्स. दोन वर्षांत ६० पूर्ण करायची तर सरासरी १५ लागतात. एका युनिटमागे आठवड्याला वर्गासह सुमारे तीन तासांचे काम धरले जाते, म्हणजे १५ युनिट्स हे पंचेचाळीस तासांचे काम झाले. आठवड्याला वीस तास नोकरी करणाऱ्याने १५ घेऊ नयेत. आमची पसंती पहिल्या सत्रात इंग्रजी, गणित, मेजरचा एक विषय आणि काउन्सेलिंगचा एखादा छोटा वर्ग, अशी साधारण १२ ते १३ युनिट्सची आहे. इंग्रजी आणि गणित ‘नंतर बघू’ म्हणून पुढे ढकलणे मात्र टाळावे. एफ-१ (विद्यार्थी व्हिसावरील) विद्यार्थ्यांसाठी प्रश्न १३ मधील बंधन लक्षात घ्यावे.

१३. एच-४ आणि एफ-१ यांत कम्युनिटी कॉलेजच्या दृष्टीने काय फरक पडतो?

फार मोठा. एच-४ वर अर्धवेळ, पूर्णवेळ कसेही शिकता येते, आणि कॅलिफोर्नियात एच-१बी व एच-४ धारक राज्याचे रहिवासी ठरू शकतात: सत्र सुरू होण्यापूर्वी एक वर्ष आणि एक दिवस येथे वास्तव्य असणे आणि येथेच राहण्याचा इरादा कागदोपत्री दाखवणे आवश्यक असते. त्यामुळे रहिवासी शुल्क लागू होऊ शकते. केंद्राची आर्थिक मदत मात्र एच-४ ला मिळत नाही. एफ-१ विद्यार्थ्याला दर सत्रात किमान १२ युनिट्स घ्यावीच लागतात, त्या गणनेत ऑनलाइन वर्ग एकच (किंवा तीन युनिट्स) धरला जातो, आणि अनिवासी शुल्क अनेक पटींनी अधिक असते.

एच-४ वरील मुलाचे वय एकवीस होईपर्यंत ग्रीनकार्ड आले नाही, तर त्याला दुसरा दर्जा, बहुधा एफ-१, घ्यावा लागतो आणि त्यानंतर रहिवासी शुल्काचा हक्क सामान्यतः उरत नाही. ज्या घरात ही तारीख कॉलेजच्या वर्षांत येते, त्यांनी ती शिक्षण-आराखड्यात लिहावी आणि शक्य तेवढी युनिट्स आधी संपवावीत. इमिग्रेशनची बाजू वकिलालाच विचारावी, काउन्सेलरला नव्हे.

१४. यूसी किंवा सीएसयूला (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीला) ट्रान्सफर व्हायचे आहे. कोणते विषय घ्यायचे हे कुठे पाहायचे?

‘असिस्ट’ या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर. आपले कॉलेज, लक्ष्य विद्यापीठ आणि मेजर निवडले की कोणता विषय कोणत्या विषयाच्या बदल्यात चालतो, याचा तक्ता मिळतो. आराखडा करताना मेजरचे विषय आधी भरावेत आणि सामान्य शिक्षणाचे नंतर. २०२५ च्या फॉलपासून सामान्य शिक्षणासाठी दोन्ही विद्यापीठ-समूहांना चालणारा एकच ‘कॅल-जीईटीसी’ आराखडा आहे, ३४ युनिट्सचा. त्यातील प्रत्येक विषयात किमान सी श्रेणी लागते. अभियांत्रिकीच्या अनेक विभागांना तो पूर्ण करण्यापेक्षा गणित आणि भौतिकशास्त्राची साखळी पूर्ण असणे महत्त्वाचे वाटते.

सीएसयूसाठी २०१० च्या कायद्यातून आलेली ट्रान्सफर असोसिएट पदवी घेतल्यास या समूहात कोठेतरी जागेची हमी मिळते. ती हव्या त्याच कॅम्पसची नसते. यूसीच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा कॅम्पसना ‘टॅग’ नावाचा हमी करार आहे. एका वेळी एकाच कॅम्पसशी तो करता येतो, अर्ज ट्रान्सफरच्या आदल्या वर्षी सप्टेंबरमध्ये भरावा लागतो आणि काही लोकप्रिय मेजर त्यातून वगळलेले असतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो या योजनेत नाहीत.

१५. दोन कॉलेजांत विभागून विषय घेतले तर चालतात का?

चालतात, आणि उन्हाळ्यात अनेक जण घेतातही. साखळीचे विषय मात्र मध्येच तोडू नयेत. क्वार्टरच्या कॉलेजात तीन भागांत शिकवले जाणारे भौतिकशास्त्र सेमिस्टरच्या कॉलेजात दोन भागांत असू शकते. पहिला भाग एकीकडे आणि दुसरा दुसरीकडे घेतल्यास मधला काही मजकूर गळतो आणि विद्यापीठ पूर्ण साखळी मान्य करत नाही. युनिट्सही जशीच्या तशी येत नाहीत: दीड क्वार्टर युनिट म्हणजे एक सेमिस्टर युनिट. २०२१ च्या एबी ११११ कायद्यानुसार समान विषयांना राज्यभर समान क्रमांक दिले जात आहेत, आणि २०२५ च्या फॉलपासून पहिल्या इंग्रजीला सर्वत्र ‘सी१०००’ हा क्रमांक मिळाल्यामुळे तेवढ्यापुरता गोंधळ कमी झाला आहे.

१६. मुलाच्या वतीने मीच काउन्सेलरशी बोलले तर चालेल का? आणि तो हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे वर्ग घेत असेल तर?

कॉलेजात प्रवेश घेतल्याक्षणी शैक्षणिक नोंदींवरील हक्क विद्यार्थ्याकडे जातो, त्याचे वय काहीही असो. १९७४ चा केंद्रीय कायदा तसे सांगतो. विद्यार्थ्याने लेखी संमती दिली, तरच बहुतेक कॉलेजे पालकांशी त्याच्या नोंदींविषयी बोलतात. भेटीला सोबत जाण्यास हरकत नसते. प्रश्न मात्र मुलाला विचारू द्यावेत.

हायस्कूलमधील विद्यार्थ्याला शाळेच्या आणि पालकांच्या संमतीने कॉलेजचे वर्ग घेता येतात आणि ११ युनिट्सपर्यंत शुल्क सहसा माफ असते. या वर्गांची श्रेणी कॉलेजच्या कायमच्या नोंदीत जाते, हे घरी आधी बोलून घ्यावे. नववीतील मुलाने उन्हाळ्यात हौसेने घेतलेल्या विषयातील डी श्रेणी चार वर्षांनी विद्यापीठाच्या अर्जात उभी राहते.

१७. आम्ही न्यू जर्सीत किंवा टेक्सासात राहतो. हेच नियम लागू होतात का?

नाही. टेक्सासात अजून राज्यस्तरीय टीएसआय परीक्षा आहे, तिच्यातून सूट मिळण्याचे निकष आहेत, आणि तेथे तयारी करून परीक्षेला बसण्याला अर्थ आहे. न्यू जर्सीत पद्धत कॉलेजवार बदलते. प्रश्न ३, ५ आणि १२ मधील सल्ला दोन्हीकडे उपयोगी पडेल.

१८. वर्ग झेपत नाही. सोडला तर काय होते?

केव्हा सोडता यावर आहे. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत, कॉलेजने दिलेल्या तारखेपूर्वी, सोडल्यास नोंदीवर काहीच राहत नाही. त्यानंतर सत्राच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत सोडल्यास ‘डब्ल्यू’ लागतो, जो जीपीएत धरला जात नाही. त्यापुढे मिळेल ती श्रेणी घ्यावी लागते. वर्गाला जाणे नुसते बंद केल्याने वर्ग सुटत नाही. ‘एफ’ लागण्याचे ते नेहमीचे कारण आहे.

एकच विषय साधारण तीनदाच घेता येतो, आणि या तीन संधींत ‘डब्ल्यू’ही मोजला जातो. १२ युनिट्स झाल्यावर जीपीए २.० च्या खाली असेल, किंवा नोंदवलेल्या युनिट्सपैकी निम्मी वा अधिक अपूर्ण अथवा ‘डब्ल्यू’ असतील, तर विद्यार्थी निरीक्षणाखाली जातो. सलग दोन सत्रे तसे राहिल्यास नोंदणीचा अग्रक्रम जातो. आर्थिक मदत घेणाऱ्याने वर्ग सोडण्यापूर्वी त्या कार्यालयाला, आणि एफ-१ विद्यार्थ्याने आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला, आधी विचारलेच पाहिजे, कारण एफ-१ विद्यार्थ्याची परवानगीविना १२ युनिट्सखाली गेलेली नोंदणी व्हिसाच्या दर्जावर थेट परिणाम करते.

१९. काउन्सेलरने सांगितलेला विषय विद्यापीठाने मानला नाही, तर जबाबदार कोण?

व्यवहारात विद्यार्थीच. दोन काउन्सेलर दोन वेगळी उत्तरे देतात असेही होते, कारण करार दरवर्षी बदलतात आणि मेजर शेकड्यांनी आहेत. म्हणून प्रत्येक भेटीनंतर काय ठरले ते ईमेलने कळवून ठेवावे, आराखड्याची प्रत जतन करावी आणि मेजरचा प्रत्येक विषय असिस्टवर स्वतः ताडून पाहावा. पदवीच्या अटींबाबत, नोंदणी अखंड राहिल्यास, ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षीचे माहितीपत्रक लागू धरण्याचा हक्क विद्यार्थ्याला असतो; त्या वर्षीच्या माहितीपत्रकाची पीडीएफ पहिल्याच आठवड्यात उतरवून ठेवावी.